चकली, तबकडी आणि तुणतुणं: जुन्या यंत्रकलेवरून सेन्सरी व्हिडिओ बनवतानाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

काम काय ते आधी सांगतो. साबण कापणं, वाळू चिरणं, स्लाइम दाबणं, माइकजवळ कुजबुजणं, एका लयीत चालणारी कारखान्यातली यंत्रं, हे सेन्सरी व्हिडिओ आता सगळेच बघतात, माझी ताई नाइट शिफ्टवरून आली की हेच लावून झोपते. मला ते बघताना सारखं वाटायचं की हे आधी कुठेतरी बघितलंय. आणि खरंच, साधारण १९१० ते १९३५ च्या काळात युरोपातल्या चित्रकार-शिल्पकारांनी मोटर, चाकं, घंटा आणि कॅमेरा हातात घेऊन नेमकी हीच सामग्री वापरली होती. फरक एवढाच की त्यांना माणसाला गदागदा हलवून जागं करायचं होतं आणि आपण तेच लावून झोपतो. हे उलटं कसं काय झालं ते वाचून काही कळेना, म्हणून करून बघायचं ठरवलं. काही छोटे व्हिडिओ, प्रत्येकात त्या काळातली एक कल्पना, सगळं घरी, फोनवर शूट. पुण्यात राहतो त्यामुळे सुटे भाग तापकीर गल्लीत मिळतात, ही मोठी सोय. कोणाला असंच काही करायचं असेल तर कुठे पैसे आणि वेळ जातो ते कळावं म्हणून या नोंदी.

१५ ऑक्टोबर, तबकडी

सुरुवात मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारापासून. त्याने १९३५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांच्या प्रदर्शनात चक्क स्टॉल टाकून पुठ्ठ्याच्या तबकड्या विकायला ठेवल्या होत्या, सहा तबकड्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, ग्रामोफोनवर ठेवून फिरवायच्या. कागदावर नुसती एकात एक पण केंद्र सरकवलेली वर्तुळं, आणि फिरायला लागली की खोलगट वाटी किंवा वर आलेला शंकू दिसतो. विक्री जवळपास शून्य झाली. आज असाच फिरणारा आकार स्क्रीनवर लाखो लोक बघत बसतात.

वीस सेंटीमीटरची तबकडी कॉम्प्युटरवर काढली, ग्लॉसी स्टिकरवर छापून सनबोर्डवर चिकटवली. खाली बारा व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला तीस फेरे, २२० रुपये. नॅनो (छोटा आर्डुइनो कंट्रोलर) बोर्ड आणि साधा मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) लावून वेग कमी करायला गेलो तर मोटर शिट्टीसारखी केकाटायला लागली. कारण असं की नॅनोच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएमचा (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करण्याचा) डिफॉल्ट वेग ४९० हर्ट्झ आहे आणि तो सरळ कानाच्या पट्ट्यात येतो. मग पीडब्ल्यूएम काढून नुसता व्होल्टेज उतरवून बघितला तर शिट्टी गेली पण तबकडी अडखळत फिरायला लागली, आणि गिअरची खरखर तर होतीच. ज्या व्हिडिओत आवाज हाच अर्धा माल आहे तिथे ही मोटर काही कामाची नाही. बाजूला ठेवली.

दुसरी भानगड ग्लॉसी कागदाची. तबकडी फिरते पण तिच्यावरचा दिव्याचा चकाका जागच्या जागी राहतो, त्यामुळे डोळ्याला लगेच कळतं की हा सपाट कागद आहे आणि खोली दिसायची बंद होते. आधीच मॅट लॅमिनेशन करून घ्या, मी १६० रुपये फुकट घालवले.

१९ ऑक्टोबर

स्टेपर मोटर (मोजून पावला-पावलाने फिरणारी) आणली, नेमा १७ मापाची, ७५० रुपये. आधी जुना ए४९८८ ड्रायव्हर लावला तर सनबोर्डच ढोलासारखा गुणगुणायला लागला. मग टीएमसी२२०८ घेतला, २८० रुपये, आणि मोटर चालू आहे हे बोट लावल्याशिवाय कळेना इतकी शांत. हे दोन-तीनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

हिशोब असा: मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, १/१६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे ड्रायव्हरने एका पावलाचे सोळा तुकडे केले की, ३२००. एक फेरा दोन सेकंदांत हवा तर सेकंदाला १६०० पावलं, म्हणजे दर ६२५ मायक्रोसेकंदाला एक. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा ठेवला की एका फेऱ्यात बरोबर ५० फ्रेम बसतात, मग पन्नासाव्या फ्रेमनंतर कापून पहिलीला जोडलं की सांधा दिसत नाही. प्रत्यक्षात बोर्डाचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ किंचित वेगळी चालतात. एका फेऱ्याच्या लूपला ते जाणवत नाही पण दहा फेऱ्यांचा लूप केला की शेवटी झटका बसतो. तबकडीच्या कडेला पेन्सिलचा ठिपका काढून ठिपक्यावरून कापायचं, घड्याळाच्या नादी लागायचं नाही.

फोनच्या नेहमीच्या कॅमेरा अॅपमध्ये २५ फ्रेम मिळत नाहीत, वेगळं अॅप टाकावं लागलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो, त्यामुळे शटर १/५०, १/१०० अशा त्याच्याशी जुळणाऱ्या वेळेवर नसलं की पडद्यावर काळे पट्टे वाहायला लागतात. शेवटी बारा व्होल्टची एलईडी पट्टी अडॅप्टरवर लावली आणि तो प्रश्न मुळातूनच संपला.

२३ ऑक्टोबर

वर्तुळांऐवजी काळ्या-पांढऱ्या आऱ्यांची तबकडी करून बघितली. २६ आरे होते, ती व्हिडिओत उलटी फिरताना दिसली. ५० फ्रेममध्ये २६ आरे म्हणजे एका फ्रेममध्ये अर्ध्या आऱ्यापेक्षा किंचित जास्त सरकतो आणि डोळा जवळचा रस्ता धरतो, म्हणजे मागे. उलटं फिरण्याची मजा वाटली पण ही तबकडी मी काढून टाकली आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. समोर बसलेल्या माणसाला ती सेकंदाला बारा-तेरा वेळा काळं-पांढरं लुकलुकताना दिसते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टीव्हीवरच्या एका कार्टूनच्या भागात लाल-निळा प्रकाश साधारण याच वेगाने लुकलुकला आणि सहाशेच्या वर मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको ही मर्यादा वेब डिझाइनवाले पाळतात, तीच आपणही पाळावी. कोणीतरी अंधारात, थकून, फोन नाकाजवळ धरून हे बघणार आहे. वर्तुळांच्या तबकडीत हा धोका कमी, कारण तिथे रेषा आपल्या जागेभोवती थोड्या सरकतात.

वर्तुळांची तबकडी मात्र मस्त जमली. वेग मात्र उतरवला, तीस फेऱ्यांना डोकं जड होतं, वीसवर श्वास आपोआप संथ होतो. तीन सेकंदांचा फेरा, ७५ फ्रेमचा लूप.

२७ ऑक्टोबर, चकली

या व्हिडिओसाठी फर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराचा सिनेमा डोळ्यासमोर आहे, बॅले मेकानिक, १९२४, डडली मर्फीबरोबर केलेला. त्यात गोष्ट नाही, कढया, झाकणं, पिस्टन, ओठ, झोके, नुसत्या वस्तू जवळून आणि पुन्हा पुन्हा. लेजे पहिल्या महायुद्धात आघाडीवर होता आणि उन्हात चकाकणाऱ्या तोफेच्या धातूने आपल्याला बघायला शिकवलं असं त्याने नंतर सांगितलं. वस्तू तिच्या जागेवरून उचलून मोठी करून एकटी दाखवली की तीच नायिका होते, हा त्याचा शोध. आज साबण कापायच्या व्हिडिओत चेहरा नसतो, गोष्ट नसते, फक्त सुरी आणि साबण असतो, ते इथूनच आलंय असं मी मानतो, मग बनवणाऱ्याला लेजे माहीत असो नसो.

घरात दिवाळीची तयारी चाललेली, त्यामुळे आमची यंत्रवस्तू म्हणजे पितळी सोऱ्या. दांड्याला आटे, खाली चांदणीची चकती, आणि बाहेर जे येतं ते द्युशाँच्या तबकडीचं जिवंत रूप. आईला म्हटलं दोन तास दे, ती म्हणाली तळणीच्या आधी काय करायचं ते कर, नंतर मी थांबणार नाही.

वरून सरळ खाली कॅमेरा, खाली बटर पेपर. पहिल्या घाण्याचं शूटिंग वाया गेलं कारण फोनचा ऑटोफोकस सोऱ्या आणि कागद यांच्यात ये-जा करत राहिला, आणि पितळेचा पिवळेपणा बघून व्हाइट बॅलन्स दर वेळी निळा व्हायचा. दोन्ही लॉक केले. मग भाजणीचं पीठ कोरडं पडून चकली मधेच तुटायला लागली, आईने कोमट पाण्याचा हात लावून परत मळलं तेव्हा काटेदार आणि सलग पडायला लागली. तुटलेल्या चकल्यांचं फुटेज टाकून दिलं नाही, ते पुढे फार कामाला आलं.

३० ऑक्टोबर

आज तीन तुकडे कापले. पहिल्यात चकलीचे वेढे पडतात पण शेवटचं टोक चिकटवायच्या आत कापून परत सुरुवात. दुसऱ्यात टोक बोटाने दाबून चिकटवलं जातं, अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग पुढची चकली. तिसऱ्यात फक्त मधला वेढा, आदि-अंत काही नाही, नुसतं फिरणं.

पहिली पद्धत सरळ लेजेची आहे. त्याच्या सिनेमात एक धोबीण पाठीवर ओझं घेऊन जिना चढते, वर पोचतेय असं वाटेस्तोवर परत खाली, परत चढते, असं किती तरी वेळा. प्रेक्षकाला कुठवर सहन होतं ते त्याला बघायचं होतं, चिडवायचंच होतं.

घरच्यांना काही न सांगता तिन्ही दाखवले. पहिल्यावर शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "अरे, शेपूट चिकटव की तिचं, तेलात सुटेल ना." बाबा मधेच उठून गेले. दुसरा तुकडा मात्र सगळ्यांनी तीन-चार चकल्या होईपर्यंत नजर न हलवता बघितला, आईनेसुद्धा, जिने ती चकली स्वतः पाडलेली. तिसऱ्यावर कोणी काही बोललं नाही, ताईचे डोळे मिटायला लागले.

इथे मला पहिल्यांदा धागा सापडला. एकच हात, एकच सोऱ्या, एकच प्रकाश, तरी तीन वेगळे परिणाम, आणि फरक फक्त हालचाल कुठे तोडली याचा. हालचाल पुरी व्हायच्या आत तोडली की चीड येते. पुरी होऊ दिली की सुटल्यासारखं वाटतं, झालं एकदाचं असं. आणि जिला शेवटच नाही तिने गुंगी येते. म्हणजे यंत्राची पुनरावृत्ती स्वतःहून ना हादरवते ना शांत करते. १९२४ चा माणूस ती तोडायचा म्हणून ती टोचायची, आपण ती पुरी करतो म्हणून बरं वाटतं. तुटलेल्या पिठाच्या चकल्या मधे घालून बघितल्या तर एखादी तुटलेली चालते, कारण पुढची नीट पडल्यावर जास्तच बरं वाटतं. लागोपाठ दोन तुटल्या की माणूस व्हिडिओ बंद करतो.

४ नोव्हेंबर

फटाके. आवाजाचं काहीच काम शक्य नाही, पहाटे चारलासुद्धा नाही. म्हणून वाटाणे भिजत घातले, त्याचं खाली सांगतो.

दिवाळीत अजून एक गोष्ट लक्षात आली. फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की वेग गुपचूप बदलतो, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकतात. चकलीचं टोक दाबल्याचा आवाज दाबल्यानंतर येत होता आणि दुसऱ्या तुकड्याची सगळी मजा गेली होती. एडिट करायच्या आधी फाइल कायम २५ फ्रेमवर बदलून घ्या, फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं.

१० नोव्हेंबर, तुणतुणं

आता आवाज. लुइजी रुसोलो हा इटलीतला चित्रकार, यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणाऱ्या भविष्यवादी कलाकारांपैकी, त्याने ११ मार्च १९१३ ला गोंगाटाच्या कलेवर जाहीरनामा लिहिला आणि यंत्रयुगातल्या ऑर्केस्ट्रासाठी आवाजांची सहा घराणी पाडली. गडगडाट-स्फोट एकात, शिट्ट्या-फुत्कार दुसऱ्यात, कुजबुज-पुटपुट-गुळगुळ तिसऱ्यात, किरकिर-सळसळ-चरचर चौथ्यात, लाकूड-धातू-कातडं-दगड यांवरचे आघात पाचव्यात, माणसा-जनावरांचे आवाज सहाव्यात. आजचे कानाला गुदगुल्या करणारे व्हिडिओ काढून बघा, बहुतेक सगळे तिसऱ्या आणि चौथ्या घराण्यातले, थोडे पाचव्यातले. पहिलं घराणं, ज्याच्यावर भविष्यवादी जीव टाकायचे, त्याला तिथे जागाच नाही. एप्रिल १९१४ मध्ये मिलानमध्ये त्याने या यंत्रांची मैफल केली तेव्हा थिएटरात दंगा झाला.

त्याची मूळ यंत्रं आता उरलेली नाहीत पण रचना माहीत आहे: लाकडी पेटी, आत एका कातड्याच्या पडद्याला मधोमध बांधलेली तार, हँडलने फिरणारं चाक तारेला घासतं, लिव्हरने तार ताणली की सूर चढतो, पुढे कर्णा. हे वाचल्यावर मी उठून उभाच राहिलो, कारण चाक सोडलं तर हे आपलं तुणतुणं आहे. लाकडाचं नळकांडं, तळाला कातडं, कातड्याच्या मधून निघून खुंटीला गेलेली तार. आणि ताण बदलून सूर वरखाली करणं हे तर चौंडक्यावर येल्लम्माच्या गाण्यांना कायम चालतं. एकाने दुसऱ्याचं बघून केलं असं मी म्हणत नाही, पण बनवणाऱ्याला याचा फार उपयोग आहे, रुसोलोची पेटी सुताराकडून करून घ्यायची गरज नाही, मला ४५० रुपयांत तुणतुणं मिळालं.

सहा सेंटीमीटरचं प्लायचं चाक स्टेपरवर बसवलं, काठाला व्हायोलिनची राळ चोळली, तार त्याला टेकवली. आवाज आला पण दर फेऱ्याला टक् व्हायचं. प्लायचे थर काठावर उघडे पडतात, एका जागी थर आडवा आणि एका जागी उभा. घासून घासून काठ गुळगुळीत केला तरी जाईना. मग तारेवर जिथे चाक लागतं तिथे कापसाचा पातळ वेढा दिला आणि टक् गेलं. पाश्चात्त्य चाकाच्या वाद्यांत तारेवर कापूस गुंडाळायची रीत जुनी आहे, मला ती उशिरा सुचली.

दाब सगळ्यात नाजूक. जरा जास्त झाला की किंचाळी, जरा कमी की चाक नुसतं सरकतं. मोटर बिजागरीवर बसवून रबर बँडने ओढून धरली तेव्हा तार स्वतःच दाब सांभाळायला लागली. सैल रबरावर तिसरं घराणं, पुटपुट, ताणलेल्या रबरावर चौथं, चरचर. एका रबर बँडमध्ये दोन घराणी.

१६ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग. फोनचा माइक शांतता आली की आवाज आपोआप वाढवतो, त्यामुळे दोन आवाजांच्या मधल्या जागेत खोलीचा घूं घूं वर येतो, पंखा नसतानाही. कातड्यावर दहा रुपयांची पिझो चकती (कंपनाची वीज करणारी, माइकसारखी) चिकटवली आणि थेट इनपुटला जोडली तर पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. याला कारण आहे: पिझोची कपॅसिटन्स वीसएक नॅनोफॅरड, इनपुट पाचएक किलोओहमचा, म्हणजे दीड हजार हर्ट्झच्या खालचं सगळं गळून पडतं. मधे एक जेएफईटी ट्रान्झिस्टरचा बफर (पिझोचा सिग्नल न गळता पुढे देणारं छोटं सर्किट), गेटला एक मेगओहम, नऊ व्होल्टची बॅटरी, एवढं केल्यावर तळाचा आवाज परत आला आणि कातड्याची उब ऐकू यायला लागली.

खोलीला चारी बाजूंनी गोधड्या लावल्या. तुळशीच्या लग्नानंतर बँडबाजा सुरू होतो, त्यामुळे रात्री एकनंतरच काम. ताईला ऐकवलं, ती म्हणाली लूप लांब कर, मधे थांबलं की जाग येते. सलग घासण्याला शेवट नाही, म्हणजे हा तिसऱ्या तुकड्याचा, गुंगीचा भाऊ.

२१ नोव्हेंबर, हाताचा पाट

भविष्यवाद्यांचा म्होरक्या मारिनेत्ती याने १९२१ मध्ये स्पर्शकलेचा जाहीरनामा वाचला आणि सुदान-पॅरिस नावाचा पाट दाखवला, त्यावर हात फिरवत जायचं: सुदानला खरखरीत वस्तू, सँडपेपर, लोकर, ब्रश, मधे समुद्राला गुळगुळीत चंदेरी कागद, पॅरिसला रेशीम, मखमल, पिसं. याच माणसाने १९०९ च्या जाहीरनाम्यात युद्धाचे गोडवे गायले आणि पुढे फॅसिस्टांबरोबर गेला. ते मला मुळीच मान्य नाही. पण हाताने करायचा प्रवास ही कल्पना मी घेतली. काथ्या, किसणी, पाट्याचा टाकी मारलेला भाग, स्टीलची परात, पैठणीचा पदर. काम एका दुपारीच झालं. अडचण एकच आली, हात एका वस्तूवरून दुसरीवर जाताना उचलला की बघणाऱ्याचं लक्ष तुटतं. वस्तू कडेला कड चिकटवल्या, उंची एकसारखी केली, हात न उचलता गेला. आवाज फक्त पिझोचा ठेवला, पाटाच्या खालून.

२८ नोव्हेंबर, हलणारी तार

नाउम गाबो या रशियन शिल्पकाराने १९१९-२० मध्ये मॉस्कोत, यादवी युद्ध चालू असताना, एक सरळ सळई विजेवर थरथरवली आणि हवेत कमनीय आकार उभा केला, वस्तुमान नसलेलं शिल्प. विद्यार्थ्यांना गतीचं तत्त्व दाखवायला. मी चार इंची स्पीकरच्या मधे ०.८ मिलिमीटरची स्प्रिंगची तार चिकटवली आणि फोनच्या टोन अॅपने हलवली. चाळीस हर्ट्झच्या जरा खाली तारेला दोन फुगवटे आले, मधे एक स्थिर बिंदू, डोळ्याने बघायला अप्रतिम.

कॅमेऱ्यात काहीच नाही. वाकडी तार नुसती लुळ्यासारखी डुलताना दिसते. वेगवान शटर तारेला एका क्षणात पकडतं, आणि फोन चित्र ओळीओळीने वाचतो त्यामुळे ती वेडीवाकडी होते. झिगा व्हर्टोव्ह या सोव्हिएत सिनेदिग्दर्शकाने १९२३ मध्ये कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्याहून सरस यांत्रिक डोळा म्हटलं होतं. इतर ठिकाणी मी त्याच्या बाजूचा आहे, पण गाबोचा आकार हा डोळ्याच्या आळसातून तयार होतो आणि वेगवान कॅमेरा तो मारून टाकतो.

उपाय: शटर १/२५, खोली जवळपास अंधारी, मागे काळं कापड. फुगवटा आला पण श्वास घेतल्यासारखा लहानमोठा व्हायला लागला, कारण ३९-४० हर्ट्झवर एका फ्रेममध्ये दीडेक थरथर मावते, प्रत्येक फ्रेमला वेगळा तुकडा. मग तार तीसवरून साडेसव्वीस सेंटीमीटरवर कापली, आता ती ५० हर्ट्झला थरथरते, दर फ्रेममध्ये बरोबर दोन पूर्ण फेऱ्या, आणि आकार काचेसारखा स्थिर उभा राहिला. इथेही गोष्ट तीच, हालचाल फ्रेमच्या आत पुरी झाली पाहिजे.

५ डिसेंबर, वाटाणा

दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेम करून चित्रित केली होती, १९१२ ची गोष्ट. म्हणजे मिलानमधले चित्रकार गतीवर भांडत होते त्याच वर्षांत दादरमध्ये एक माणूस कॅमेऱ्याने वेळ दाबत होता, आणि त्यांच्यापेक्षा हळुवारपणे. आजच्या टाइमलॅप्सवाल्यांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

माझे पहिले वाटाणे फुकट गेले. खिडकीजवळ ठेवले होते, ढग आला की चित्र लुकलुकायचं, एक्स्पोजर लॉक करूनही. मग सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून एलईडी पट्टी लावली तर कोंब पट्टीकडे वाकत वाकत फ्रेमच्या बाहेर गेला. पट्टी बरोबर वर, मधोमध लावल्यावर सरळ आला. फोन चार्जरवर अडकवून स्टँडला टेपने बांधा, मधे फोन उचलला की संपलं. पहिलं पान उलगडतं तिथे कापला, पूर्ण उलगडल्यावर दोन सेकंद तसाच ठेवून. सगळ्या व्हिडिओंत आईला हाच आवडला.

९ डिसेंबर

अपलोड करून बघितलं तर साइटच्या कॉम्प्रेशनमध्ये तबकडीच्या बारीक रेषांचा चिखल झाला. रेषा दुप्पट जाड केल्या, अंधाऱ्या भागातला दाणा साफ केला, आणि १०८० ची फाइल १४४० ला मोठी करून चढवली, आता ठीक दिसतं.

मावशीचा फोन आला, तिच्या नातवासाठी काळी-पांढरी तबकडी पाठव म्हणून, बाळं टक लावून बघतात म्हणे. बघतात हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. मावशीला सांगितलं की मावशी व्हिडिओ नाही पाठवत, तीच चित्रं सनबोर्डवर मॅट छापून कुरिअर करतो, पाळण्याजवळ टांग. तिला पटलं.

१२ डिसेंबर, हिशोब

कामाला आलेलं: स्टेपर ७५०, टीएमसी२२०८ २८०, नॅनो ३००, अडॅप्टर २५०, मॅट छपाई आणि सनबोर्ड ३४०, तुणतुणं ४५०, राळ ९०, पिझो-बफरचं सामान १२०, स्पीकर आणि छोटा अॅम्प २४०, तार ६०, एलईडी पट्टी १८०. एकूण ३०६०. वाया गेलेलं ६५०: गिअर मोटर २२०, तिचा ड्रायव्हर १५०, ए४९८८ १२०, ग्लॉसी छपाई १६०.

परत करायचं झालं तर क्रम बदलेन. आधी आवाज, कारण त्याला शांत रात्र लागते आणि ती दिवाळी ते लग्नसराईत मिळत नाही, म्हणून पावसाळा संपल्या संपल्या तुणतुणं. वाटाणा पहिल्या दिवशीच भिजत घालायचा. चकली दिवाळीतच, कारण आई इतर वेळी सोऱ्या काढत नाही. टीएमसी२२०८ लावताना एमएस१ आणि एमएस२ दोन्ही पिना पाच व्होल्टला जोडा, नाहीतर तो १/८ वर चालतो आणि तबकडी दुप्पट वेगाने फिरते. वीस फेऱ्यांसाठी दोन पावलांतलं अंतर कागदावर ९३७ मायक्रोसेकंद येतं, माझ्या बोर्डावर ९४० ला ठिपका जागेवर आला, तुमच्याकडे चार-पाचने इकडेतिकडे होईल.

राहिलेलं काम एक. तुणतुण्याच्या खुंटीला दुसरी स्टेपर लावून सूर हळूहळू चढवत एका जागी आणून थांबवायचा, म्हणजे गुंगीच्या आवाजाला चकलीसारखं टोक येतं का ते कळेल. खुंटी लाकडी आहे आणि घट्ट बसते, या मोटरचा जोर पुरत नाही, गिअरवाली स्टेपर बघतोय.